सोळा चौकोनांचा मृदंग

टाउन बस जुन्या स्टँडमधून बाहेर पडली आणि मुरलीकृष्णनं इयरफोन घालून फोनवरचं संगीताचं अ‍ॅप उघडलं. रोजचा क्रम होता. स्टँडपासून पाटबंधारे कार्यालयापर्यंत वीस मिनिटं. तेवढ्यात तो स्वतः जमवलेले मृदंगाचे आवाज तपासायचा, एखाद्या ठोक्याची लांबलेली शेपटी कापायचा, एखाद्याचा खर्ज थोडा वर आणायचा. त्यात जे वाजेल ते अ‍ॅप आपोआप टिपून ठेवायचं; आज यादीत सगळ्यात वर एक रेकॉर्डिंग होतं, आणि ते त्यानं केलेलं नव्हतं. कालची तारीख, सकाळचे सव्वाअकरा, लांबी अकरा मिनिटं. काल सव्वाअकराला तो कार्यालयात एका उपकालव्याच्या नकाशावर वाकलेला होता, आणि हा जुना फोन, जो तो फक्त आवाजांसाठी ठेवत असे, घरी जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला राहिला होता.

त्यानं ते लावलं. आधी बराच वेळ काहीच नाही. मग एक ‘ता’. मग तोच ‘ता’ पुन्हा, सात वेळा, जणू कुणी दार उघडतं का पाहत होतं. मग ‘दी’च्या जागी ‘ती’ आला, थांबला, आणि नंतर खरा ‘दी’ आला. इथं मुरलीला पहिला संशय आला, की कुणीतरी अक्षरं वाचत वाजवतंय. अ‍ॅपमध्ये बोटानं वाजवायच्या सोळा चौकोनांवर त्यानं ठोक्यांची नावं तमिळ अक्षरांत लिहिली होती, कारण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्या घरात मराठी बोलत असले तरी देवनागरी कुणालाच सराईत वाचता येत नव्हती. आणि तमिळमध्ये ‘त’ला आणि ‘द’ला एकच अक्षर, म्हणजे ‘ती’ आणि ‘दी’ सारखेच दिसणार. म्हणून त्यानं ‘दी’च्या चौकोनात अक्षराखाली एक टिंब दिलं होतं. त्या टिंबाचा अर्थ वाजवणाऱ्याला हळूहळू कळत होता. चौथ्या मिनिटाला बोटांना सगळे चौकोन सापडले. सहाव्या मिनिटाला सात मात्रांचा मिश्र चापु ताल सुरू झाला, संथ, पण आतून ताठ, आणि मग त्याच्यावर एकेक वाक्य चढत गेलं. वाक्य म्हणावं असंच काहीतरी, कारण त्याला सुरुवात होती, श्वास होता आणि अर्थाचा भार कुठं द्यायचा हे ठरलेलं होतं. शेवटी तीनदा वाजवून समेवर आणायचा एक बांधा असतो, त्याला इथं कोरवै म्हणतात. ती कोरवै आली आणि मुरलीनं इयरफोन कानात घट्ट दाबले. ती त्याला ठाऊक होती. ती त्याच्या आजोबांची होती. तिच्या दुसऱ्या ओळीत एका ठिकाणी वाजवणाऱ्यानं काहीच वाजवलं नाही, एक मात्रा कोरी सोडली, आणि तरीही तिन्ही फेऱ्या पुऱ्या होऊन ठोका समेवर असा पडला की मुरलीचा हात आपोआप पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटला. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. त्याचं कार्यालय केव्हाच मागे पडलं होतं. तो मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर उतरला आणि उन्हात उलट दिशेनं चालू लागला.

बायको अखिला शाळेत शिकवायला गेलेली असते. मुलगी कोइम्बतूरला वसतिगृहात. सकाळी सव्वाअकराला घरी फक्त त्याची आई, हिराबाई, वय एकोणसत्तर. फोन तिला नातीचा चेहरा बघण्यापुरता ठाऊक होता. मुरली चालत होता आणि मनात दुसरी कुणीतरी व्यक्ती शोधत होता. एखादा शेजारी, एखादा पाहुणा. कुणी सापडेना. नव्या कालव्याच्या काठाशी तो थांबला. पाणी भरून वाहत होतं. हा कालवा कितीतरी वेळा त्यानं कागदावर काढला होता, त्याचा उतार त्याला सेंटीमीटरमध्ये पाठ होता, पण पाण्याकडे बघताना आज त्याला आपण हे पूर्वी पाहिलेलंच नाही असं वाटलं.

मृदंग तो आठ वर्षं शिकला होता. आईचे वडील व्यंकटरमणराव, ज्यांना तो ताता म्हणायचा, तिरुवैयारुला राहायचे आणि घराच्या पुढच्या ओट्यावर शिष्यांना शिकवायचे. दर शनिवारी आई त्याला बसनं तिकडे न्यायची. तो ओट्यावर बसायचा, आई आत स्वयंपाकघरात जायची. त्याचा प्रत्येक ठोका सुटा सुटा चांगला यायचा. ताता म्हणायचे तसा ‘ता’ यायचा, ‘नम’ यायचा; अक्षरं सगळी यायची, वाक्य कधी आलं नाही. चारपाच ठोके पुढे गेले की हाताला आपण कुठं आहोत ते कळेनासं व्हायचं. आणि नेमकं तेव्हाच आत भांडं वाजायचं. पळी आपटायची, माप पडायचं. आईच्या हातून सारखं काहीतरी पडतं अशी त्याची समजूत होती, आणि त्याला तिचा थोडा रागही यायचा. पंधराव्या वर्षी ताता त्याला शेजारी बसवून, अगदी मायेनं म्हणाले होते, “तुझा हात शहाणा अहे, पण कान दुसऱ्या घरी राहतो.” तेव्हा ते हीच कोरवै शिकवत होते. दोन वर्षं झाली होती आणि ती त्याला बसत नव्हती. त्यानं शिकणं सोडलं. घरी परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर भातशेतांकडे बघत होती. त्याला आठवलं की त्याला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं.

ताता गेले, त्यांना मुलगा नव्हता, मृदंग मुरलीकडे आला आणि वीस वर्षं कपाटावर राहिला. मग दोन वर्षांपूर्वी मुलीनं फोनवर हे अ‍ॅप दाखवलं. कुठलाही आवाज पकडायचा, चौकोनात ठेवायचा, बोट लावलं की तो वाजणार. मुरलीला आपल्यासाठीच कुणी काहीतरी केलंय असं वाटलं होतं. सुटा ठोका, ज्यात त्याचा हात शहाणा होता, तेवढाच इथं लागत होता. त्यानं मृदंगाची कातडी नवी करून घेतली. सुट्टीच्या दुपारी पंखा बंद करून, साड्यांचं कपाट उघडं ठेवून, म्हणजे आवाज भिंतीवरून परत येणार नाही, तो एकेक ठोका शंभर शंभर वेळा वाजवायचा. हलका, मध्यम, जोराचा. प्रत्येकाचे सहा वेगवेगळे नमुने, कारण तोच ठोका हुबेहूब दोनदा आला की कान लगेच ओळखतो, हे यंत्र. रात्रंदिवस जपल्यासारखा त्यानं तो सोळा चौकोनांचा मृदंग जपला, आणि त्यावर वाजवलं मात्र काहीच नाही. वाजवायला त्याच्याकडे काही नव्हतं. हे त्याला आज, कालव्याच्या काठावर, पहिल्यांदा कळत होतं: आपण दोन वर्षं एक घर बांधलं, आणि त्यात राहायला माणूस आधीपासून आपल्याच घरात होतं.

संध्याकाळी त्यानं विचारलं नाही. आईनं समोर कॉफी ठेवली, तिचे हात त्यानं पाहिले. साधे हात होते, बोटांची पेरं थोडी सुजलेली, उजव्या अंगठ्यावर जुना व्रण. दुसऱ्या दिवशी फोन तो मुद्दाम टेबलावर विसरला. तिसऱ्या दिवशीही. आपण आईसाठी सापळा लावतो आहोत हे त्याला बोचत होतं; तरी संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी फोनच उचलायचा, कारण दर दिवशी एक नवं रेकॉर्डिंग असायचं. रात्री ते तो रोजच्या फोनवर घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयामागच्या पुंगम झाडाखाली डबा न उघडता ऐकायचा. चार दिवसांत चार. आणि त्यांत त्याचेच ठोके होते, त्याच्याच हाताचे. हे त्याला सगळ्यात विलक्षण वाटत होतं. आपल्या हातातून सुटलेली अक्षरं कुणीतरी उचलून त्यांतून बोलत होतं. ऐकताना मधेच त्याला ते बंद करावंसं वाटायचं. तो मत्सर होता, आणि आईचा मत्सर वाटावा याची त्याला लाज वाटली. मग पुढची ओळ यायची आणि लाजही विसरायला व्हायची.

आणि रोज ती जागा कोरी. कोरवैच्या दुसऱ्या ओळीत, त्याच मात्रेवर, चारही दिवस काही नाही. पाचव्या दिवशी त्याला उलगडलं. तिथं गुमकी होती. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ठोका देऊन लगेच तळहाताची टाच दाबत पुढं सरकवतात, तेव्हा खर्ज वाकतो, खालून वर चढतो, एखाद्या घशातून हुंकार निघावा तसा. मुरलीला ती कधीच नीट आली नव्हती, म्हणून त्याच्या सोळा चौकोनांत ती नव्हतीच. त्याऐवजी एक सपाट ‘धीम’ होता. आईनं तो ‘धीम’ वापरला नव्हता. चुकीचा आवाज घालण्यापेक्षा तिनं जागा रिकामी ठेवली होती.

त्या शनिवारी अखिला बाजारात गेली असताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. आई अंबटभाजीसाठी चिंच कोळत होती.

“आई, फोनवर तूं वाजवतेस.”

तिचा हात थांबला नाही. “मज वाटलं ते आपोआप पुसून जातं.”

“नाही जात. सगळं राहतं.”

“सगळं?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिनं चिंचेचा चोथा पिळून बाजूला ठेवला. “मग ऐकलास तूं.”

“रोज ऐकूनलागलोय.” त्यानं फोन खिशातून काढला. “हे तुज कोणी शिकवलं?”

“शिकवतं कोण? अप्पा पुढं शिकवायचे, मी मागं असायची. पोरं घरी जाऊन विसरायची, मज विसरायला कोठें जायचं होतं?”

“तातांना ठाऊक होतं?”

“होतं की.” तिनं चिंचेचं पाणी गाळून घेतलं. मग भाजी निवडल्यासारखी, काही न टाकता काही न वाढवता सांगू लागली. चौदा वर्षांची होती. तांदूळ मोजत होती आणि मापाच्या कडेवर बोटं चालत होती. तोंडानं बोल म्हणत होती. अप्पा पाणी प्यायला आत आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, ते परत म्हण. तिनं म्हटलं. आणखी एकदा म्हण, म्हणाले. मग पाणी न पिताच बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात देवळातल्या उत्सवात त्यांनी ते वाजवलं.

“काय वाजवलं?”

“तेच. मिश्र चापुतली कोरवै. तुज दोन वर्षं शिकवत होते ती.”

मुरलीनं दाराची चौकट धरली. तातांची म्हणून ती कोरवै त्यांचे शिष्य कुठंकुठं वाजवत आले होते. त्यानं स्वतः ती न आल्यामुळे मृदंग सोडला होता. पंचवीसेक वर्षं त्याच्या मनात तातांचा चेहरा त्या कोरवैला चिकटलेला होता, आणि आता तो चेहरा हळूच बाजूला झाला, आणि मागे फ्रॉक घातलेली एक मुलगी तांदळाच्या मापापाशी बसलेली दिसली.

“ते तुज काही म्हणाले नाहीत?”

“घरी येऊन विचारलं, नीट बसली का? मी म्हटलं, शेवटल्या फेरीत एक अक्षर जास्त झालं.”

“मग?”

“हसले. पुढल्या वेळी काढलं.” तीही किंचित हसली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुरली ती शोधत होता, कारण तक्रार असती तर त्याला तिची बाजू घेता आली असती.

“आणि मृदंगाला तूं कधी...”

“हात लावला नाही. कोणी नोको म्हटलं नाही. ये पण कोणी म्हटलं नाही.” तिनं नळ सोडला आणि हात धुतले. “ते तुझ्या फोनवर चामडं नाही, म्हणून बोट ठेवलं. ते खेळणं वाटलं. गुमकी नाही त्यात.”

“ठाऊक अहे. मज येत नाही ती.”

“तुझी टाच उशिरा पडते,” ती म्हणाली. “तेव्हाही उशिरा पडायची.”

पुढचे आठ दिवस तो गुमकी रेकॉर्ड करायचा प्रयत्न करत होता. आवाज वर चढायचा, पण ओढल्यासारखा. अ‍ॅपमध्ये सूर वाकवायची पट्टी होती, तीही लावून पाहिली, तेव्हा तो आवाज आजारी माणसाच्या कण्हण्यासारखा झाला. आई येताजाता ऐकायची आणि पुढं जायची. रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं मृदंग बैठकीत आणला आणि रव्याचा डबा तिच्यासमोर ठेवला. डाव्या तोंडावर ओला रवा थापल्याशिवाय खर्ज बोलत नाही.

“आई, एकच आवाज पाहिजे. डावा हात तुझा लाव.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग अखिलाकडे. अखिलानं पंखा बंद केला आणि साड्यांचं कपाट उघडलं. हिराबाई बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग तिनं ताटलीत रवा घेतला, पाणी शिंपडलं आणि मळायला लागली, आणि त्या मळण्यात एवढी सवय होती की मुरलीला वाटलं आता सगळं सोपं आहे. गुडघ्यांमुळे ती खाली बसू शकत नव्हती. पलंगाच्या कडेला बसवून, पायाखाली पाट देऊन त्यांनी मृदंग तिच्या मांडीवर आडवा ठेवला. तिनं रवा लावला, बोटानं कडा सारखी केली. मुरलीनं फोन तीन उशांवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावरची हिरवी रेघ सपाट झाली.

तिचा डावा हात कातड्याच्या वर चार बोटं थांबला आणि तिथंच राहिला. एक मिनिट गेलं. खाली रस्त्यावरून मोपेड गेली, रेघ थरथरली, पुन्हा सपाट झाली. मुरलीला दिसलं की आईच्या वरच्या ओठावर घाम आलाय.

“काय झालं?”

“डोक्यातलं आजवर एकदाही चुकलं नाही, मुरली,” ती हळू म्हणाली. “पन्नासपंचावन्न वर्षं. एकदा पण नाही. हात लावला आणि हात जड निघाला तर मग डोक्यातलं पण तसंच ऐकू येईल.”

त्याला वाटलं, आपण हे मागायला नको होतं. फोनच्या काचेवर बोट ठेवलं की आपल्याच हाताचा स्वच्छ, निवडलेला, नीट कापलेला ठोका येतो. तिथं तिला काहीच धोका नव्हता. इथं तिच्या मांडीवर जिवंत कातडं होतं आणि ते तिला ओळखत नव्हतं. या दोन्हींच्या मधलं अंतर त्याला ठाऊक होतं, आठ वर्षं तो त्याच अंतरात उभा होता.

“चुकलेलं पुसून टाकता येतं,” अखिला दारातून म्हणाली.

“पुसायचं नोको,” हिराबाई म्हणाली, आणि हात खाली आला.

नुसता थप्प असा आवाज झाला, ओल्या कपड्यावर मारल्यासारखा. दुसराही तसाच. तिसऱ्याला टाच सरकली आणि खर्ज चिरकला. तिनं चेहरा हलवला नाही. रवा थोडा काढला, पुन्हा दाबला. चौथा, पाचवा. नवव्या ठोक्याला तो आवाज आला. खाली, मृदंगाच्या लाकडापेक्षाही खाली कुठंतरी तो सुरू झाला, गोल होता, आणि मग तिची टाच पुढं गेली तसा तो वाकत वर आला, कुठंही न तुटता, एखादं प्रचंड जनावर अंधारात मान वर करतं तसा, आणि खोलीतल्या हवेत उभा राहिला. पलंगाच्या लोखंडी गजाला तो लागला, मुरलीच्या तळपायांना लागला. हिरव्या रेघेनं एक डोंगर काढला आणि तो फार सावकाश उतरला. अखिलानं पदर तोंडाशी धरला होता. मुरलीला हा आवाज आईच्या हातात कुठं होता ते कळेना; एवढी वर्षं तो हात कणीक मळत होता, कपडे पिळत होता, त्याच्या कपाळावर ताप बघायला ठेवलेला होता, आणि हे त्यात होतं.

“मिळाला,” तो म्हणाला. “एवढा पुरे, आई.”

तिनं ऐकलं नाही. तिचा उजवा हात दुसऱ्या तोंडावर आला होता. पेरं दुखत असावीत, कारण बोटं आधी नुसती टेकली, मग एक ‘ता’ आला, पातळ, कडेचा, त्याच्या चौकोनातल्या ‘ता’पेक्षा कितीतरी कच्चा. मग ‘दी’.

“ताल धर,” ती म्हणाली.

मुरली जमिनीवर बसला. त्यानं मांडीवर मिश्र चापुचे सात मोजायला सुरुवात केली, तीन आणि चार, तीन आणि चार, आणि तिची पहिली ओळ त्यावर आली. ती फोनवरच्यासारखी ताठ नव्हती. दोन हात दोन वेगळ्या माणसांचे असावेत तसे एकमेकांची वाट पाहत होते. एखादा ठोका कातड्याऐवजी कडेवर पडायचा. पण वाक्य होतं, श्वास होता, आणि आता त्यात वजनही होतं; मुरलीला वाटलं, कुणी पहिल्यांदा चालताना आपण बघतो आहोत आणि चालणारं माणूस आपल्याहून मोठं आहे. दुसरी ओळ आली. गुमकी तिच्या जागेवर आली, अर्धीच चढली, पण आली. तिसरी ओळ, पुन्हा पहिली. आणि दुसऱ्या फेरीत तिचा उजवा हात अडखळला, एक अक्षर निसटलं, डावा पुढं निघून गेला, आणि सगळं विस्कटून थांबलं.

मुरलीनं हात मांडीवरच धरून ठेवला. वर बघायची त्याला भीती वाटत होती.

“चुकलं,” हिराबाई म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती, तोंड थोडं उघडं होतं, डोळे मोठे झाले होते. बोटांना ओला रवा लागला होता आणि गालावरही त्याचा एक पट्टा उमटला होता. चुकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मुरलीला चांगलं ठाऊक होतं. हा तसा नव्हता.

“चुकलं, मुरली,” ती पुन्हा म्हणाली, सावकाश, तो शब्द जिभेवर पहिल्यांदा घेतल्यासारखा. मग तिनं मृदंग मांडीवर नीट ओढून घेतला.

“परत धर.”

त्यानं पहिल्या मात्रेवर हात टाकला.